नहरीच्या पुस्तकाला दीड हंडा

नऊ एप्रिल, मंगळवार. हातात काम एवढंच की एका पुस्तकाचं मूल्यमापन करायचं, चार पानी फॉर्म भरायचा आणि तो बुधवारी सकाळी अकराच्या आत प्रकाशकाच्या कचेरीत नेऊन द्यायचा. पुस्तक मुलांचं, सचित्र, पातळसं. गोष्ट आमच्याच शहराची, पण जुनी. शहर नवं वसत होतं तेव्हा डोंगराकडून जमिनीखालून नहर खोदून पाणी आणलं. त्या दिवसांत एक धनगराची मुलगी काय करते, अशी रचलेली कथा. छापण्याआधी कच्ची प्रत तीन शाळांच्या सहावीत वाचून घ्यायची आणि शिक्षकांचं मत मागवायचं, असं प्रकाशकानं ठरवलं होतं. तीन शाळांत आमची एक. आमच्या शाळेत हे काम माझ्याकडे आलं, कारण फॉर्म आला तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटीच बसले होते.

मुख्याध्यापकांच्या मते ते दहा मिनिटांचंही काम नव्हतं. "पाच-पाच टाका आणि मोकळ्या व्हा, मॅडम," ते म्हणाले. "नहर म्हणे. आपल्या टाकीत आहे का थेंब?"

थेंब नव्हता. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं आणि मुकुंदवाडीच्या पुढं ते जमेल तिकडं पसरत होतं. आमच्या शाळेला लागूनच सात मजली इमारत उठत होती. शाळेतली मुलं पिण्याच्या बाटल्या घरून आणायची, खिचडी खाऊन हात पँटला पुसायची, आणि खिडकीतून बघायची की शेजारच्या नव्या भिंतींवर दिवसातून तीन वेळा पाइपानं पाणी मारलं जातंय. सिमेंटला तहान लागते हे आमच्या मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं.

आता खरी अडचण. पुस्तकातली चित्रं माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं काढली होती. प्रकाशकाला अशी सहा पुस्तकं करायची होती. पहिल्याला तिन्ही शाळांनी होकार दिला तर उरलेली पाच तिची, नाहीतर काम पुण्याच्या एका अनुभवी चित्रकाराकडे. तिच्या वडिलांचं जुन्या शहरात रजया भरायचं दुकान. ती स्वतः एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होती. दिवसभर संगणकावर वाढदिवसांचे बॅनर करायचे, एका मोठ्या चेहऱ्याखाली चाळीस छोटे चेहरे चिकटवायचे, कोणाचा चेहरा कोणापेक्षा नखभर लहान झाला तर शिव्या खायच्या. सहा पुस्तकं मिळाली की ती ते दुकान सोडणार होती. दोन शाळांचे होकार आले होते. तिसरा आमचा. ती फोनवर म्हणाली होती, "तुमची शाळा म्हणजे घरचंच काम, मॅडम."

मी तसंच धरून चालले होते. पुस्तक दोनदा वाचलं. बाजाराच्या चित्रात एका टोपलीत टोमॅटो दिसले. त्या काळात इकडं टोमॅटो कुठले? मी फॉर्मवर पेन्सिलीनं तेवढं लिहिलं आणि स्वतःवर फार खूश झाले. बाकी मला सगळं ठीक वाटलं. फॉर्ममध्ये चार रकाने होते: ऐतिहासिक सत्यता, चित्रं, भाषा, मूल्यं. प्रत्येकापुढं पाच तारे, रंगवायचे. शेवटी तीन चौकटी: स्वीकारावे, दुरुस्तीसह स्वीकारावे, नाकारावे. मधल्या चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दुरुस्त चित्राचा किमान एक कच्चा नमुना सोबत जोडावा. आणि सगळ्यात खाली, त्याहून बारीक: विद्यार्थ्यांचा अभिप्राय विद्यार्थ्यांच्याच अक्षरात जोडावा.

ही शेवटची ओळ नसती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

उन्हाळ्याची सकाळची शाळा होती. साडेसातला मी वर्गात पुस्तक घेऊन गेले, आणि पाचच मिनिटांत दारात माझी ती जुनी विद्यार्थिनी उभी, स्कूटीवरून आलेली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे. तिला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"दुकानात लक्षच लागेना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी बोलणार नाही काही. मागं बसते."

मुलांना मी सांगितलं की या पाहुण्या आहेत, शाळा बघायला आल्या आहेत. पाहुण्या म्हणजे तपासणी, असा मुलांचा अनुभव. दहा मिनिटं सगळे ताठ बसले. मग गोष्ट सुरू झाली आणि पाहुणीला विसरले.

गोष्ट अशी. धनगराची मुलगी मेंढरं चारते आणि ओढ्यावरून पाणी आणते. एके दिवशी पाण्याची घागर घेऊन परतताना तिला दिसतं की आपली मेंढरं डोंगराच्या पायथ्याशी एकाच जागी माती हुंगताहेत. तिच्या ध्यानात येतं, इथं खाली ओल आहे. नहर खोदणारा मिस्त्री नेमका दुसरीकडं खोदतोय. मग ती डोक्यावरच्या भरल्या घागरीसकट पळत सुटते, मिस्त्रीला गाठते आणि नहरीची वाट बदलते. पळतानाचं चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं आणि तेच मुखपृष्ठावरही होतं. केस उडताहेत, एक हात कमरेवर, दुसरा पुढं केलेला, घागरीतून चांदीसारखे थेंब. मला ते फार आवडलं होतं.

वाचून झाल्यावर मी फळ्यावर चार रकाने आखले आणि पाच ताऱ्यांची पद्धत समजावली.

"तारे कशाला, मॅडम?" हा पहिल्या बाकावरचा, ज्याच्या आजोबांचा पूर्वी टांगा होता. वर्गात प्रश्न कुणीही विचारो, उत्तर हाच द्यायचा. "तारे किसीके काम के नहीं. हंडे ठेवू. पाच हंडे म्हणजे टँकर आला. शून्य म्हणजे नळाला हवा."

वर्गाला हे पटलं. मलाही पटलं. ऐतिहासिक सत्यतेचा रकाना मी माझ्याकडं ठेवला. भाषेला चार हंडे मिळाले, मूल्यांना साडेतीन. अर्धा कापला, कारण गोष्टीतला मिस्त्री मुलीचं ऐकतो पण तिला पाणी विचारत नाही. मग चित्रं आली.

"घोडा उधळलाय का सरदार पाणी पितोय, एकच काहीतरी करा," टांगेवाल्याचा नातू म्हणाला. चौथ्या पानावर खरंच एक घोडा पुढचे पाय हवेत टाकून उभा होता आणि त्याच्यावर बसलेला सरदार शांतपणे वाटीनं पाणी पीत होता. "मेरे दादा के घोडेने ऐसा किया था एक बार. सवारी नाल्यात होती."

मी तिरक्या नजरेनं मागं बघितलं. स्कार्फ वर सरकला होता.

मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी. तिच्या वडिलांनी दुष्काळात मेंढरं विकली होती, काही महिने चितेगावला एका कारखान्याच्या गेटवर काढले होते आणि आता हे कुटुंब त्या सात मजल्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत राहत होतं. शाळेत आल्यापासून ती हजेरीशिवाय काही बोलली नव्हती. मी तिला मागच्या महिन्यात 'सहभाग कमी' असा शेरा दिला होता.

"मेंढरं पांढरी काढलीत," ती म्हणाली. "आमची मेंढरं काळी असत्यात. एखादं असतंय भुरं."

"टीव्हीत पांढरी असतात," कुणीतरी म्हणालं.

"मग टीव्हीतल्या पोरीला चारू दे." ती बसली नाही. "आन् हिच्या डोक्यावर चुंबळ नाय."

वर्ग पुस्तकाकडं बघू लागला. मीही बघू लागले. डोक्यावर घागर ठेवायची तर खाली कापडाचं गुंडाळलेलं कडं लागतं, ती चुंबळ. पुस्तकभर त्या मुलीच्या डोक्यावर घागर होती आणि चुंबळ एकाही पानावर नव्हती. मी सोयगावकडची. कॉलेजात जाईपर्यंत विहिरीवरून रोज चार खेपा केलेल्या. पुस्तक दोनदा वाचून मला टोमॅटो दिसला होता.

"आन् भरली घागर घिऊन पळतीय," मुलगी म्हणाली. "चुंबळ नाय, हात घागरीला नाय. कमरंवर हात ठिवून. नाचायलीय का पाणी आणायलीय?"

"पळता येतं," टांगेवाल्याचा नातू म्हणाला. "ताकद लागते."

"तू पळून दाखव."

"पुस्तकातली पोरगी पळतीय, मला काय सांगती. ज्यानं चित्र काढलंय त्याला बोलवा."

मागच्या बाकावरून हात वर आला. स्कार्फ खाली आला. "मी काढलीत," ती म्हणाली.

तपासणीच्या बाई म्हणजे चित्रवाल्या बाई निघाल्या. टांगेवाल्याच्या नातवानं सावकाश दप्तर मांडीवर घेतलं, जणू त्याला आता कुठंतरी जायचंच होतं.

वॉचमनची मुलगी मात्र उभीच होती. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, तुमी डोक्यावर घागर घेतलीय का कधी?"

"नाही," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "आमच्या घरात आड होता. काढायचं आणि तिथंच वापरायचं. नंतर नळ आला. मी कॅलेंडरवरच्या बायका बघून काढलं."

"कॅलेंडरवरच्या घागरी रिकाम्या असत्यात," मुलगी म्हणाली आणि बसली.

मी मुलांना अभिप्राय लिहायला लावला आणि माझ्या विद्यार्थिनीला घेऊन व्हरांड्यात आले. ती कुजबुजत, पण फार वेगानं बोलत होती. "मॅडम, प्लीज, 'स्वीकारावे'वर टिक करा. दुरुस्ती म्हणजे उशीर आणि उशीर म्हणजे पुणे. पुढच्या पाच पुस्तकांत चुंबळ देते. प्रत्येक पानावर देते. राजाला देते, घोड्याला देते."

"आणि मुलांचा अभिप्राय? तो जोडायचा आहे. त्यांच्या अक्षरात."

"त्यांना सांगा ना जरा. तुम्ही सांगितलं की लिहितात. आम्ही लिहायचो."

हे खरं होतं. तिच्या वेळच्या वर्गाला मी एका पुस्तकाला 'अतिशय बोधप्रद' असं एकसाथ लिहायला लावलं होतं. तीस वह्यांत तीस बोधप्रद. मी ते विसरले होते, ती विसरली नव्हती. तेवढ्यात वॉचमनची मुलगी व्हरांड्यात आली. तिला एकच विचारायचं होतं.

"मॅडम, हे पुस्तक दुसऱ्या शाळेतबी जाणार?"

"सगळीकडं जाणार."

"मग आमच्या तिकडल्या पोरी वाचतील." ती दाराकडं वळली. "म्हणतील, शहरात गेली आन् हिनं सांगितलं बी नाय."

ती आत गेली. माझी विद्यार्थिनी तिच्या पाठीकडं बघत उभी राहिली. मीही. पण असं नुसतं उभं राहणं मला जमत नाही, त्यामुळं मी आत जाऊन जाहीर केलं की पळता येतं की नाही, हे आता करूनच बघू. हजेरीपटात 'क्षेत्रभेट' असं लिहिलं आणि अठ्ठावीस मुलांची रांग करून भिंतीपलीकडं इमारतीवर नेली.

वॉचमन, म्हणजे त्या मुलीचे वडील, उंच, वाकलेले, शिट्टी गळ्यात. सगळं ऐकून घेतलं. मग खोलीतून स्टीलची घागर आणली आणि हौदातून भरून दिली. "एकच," ते म्हणाले. "दुसरी मागू नका, मॅडम. सिमेंट पितंय सगळं. सुपरवायझर वर हाय."

प्रयोगाचं पाणी वाया घालवायचं नव्हतं. मी गवंड्यांची चार रिकामी घमेली मागून घेतली आणि चार मुलांना दोन्ही बाजूंनी धावायला लावलं. टांगेवाल्याच्या नातवानं घागर डोक्यावर घेतली, बिनचुंबळीची, कमरेवर हात, पुस्तकाप्रमाणं. त्या दिवशी त्याच्या डोक्याला भरपूर तेल होतं. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्या पावलाला घागर मागं गेली, तिसऱ्याला तो घागरीच्या मागं गेला. घमेलीवाल्यांनी निम्मं पाणी वाचवलं. बाकीचं त्याच्या शर्टात.

"ताकद होती ना?" वॉचमनची मुलगी म्हणाली.

"घागर गोल है. गलती घागर की है," तो म्हणाला.

मग माझी विद्यार्थिनी पुढं आली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. स्कार्फ काढून तिनं त्याचीच वेटोळी करायला घेतली, ती सुटत राहिली. शेवटी वॉचमनच्या मुलीनं तिच्या हातातून तो घेऊन दोन झटक्यांत चुंबळ वळून दिली. निम्मी भरलेली घागर तिच्या डोक्यावर ठेवली. ती चालली. पाच पावलं, सहा, सात. मान आखडलेली, दोन्ही हात वर, नजर एका जागी रोवलेली. आठव्या पावलाला थांबली, कारण पुढं विटांचा ढीग होता आणि तिला खाली बघता येईना.

"ताई, डोळ्यांनी बघा, मानंनं नका बघू," मुलगी म्हणाली.

घागर उतरवल्यावर ती विटांवर बसली. खिशातून पेन काढलं, तळहातावर काहीतरी रेघोट्या ओढल्या, मान, खांदा, दंड. मग म्हणाली, "ते चित्र गेलं, मॅडम. मुखपृष्ठपण गेलं. पूर्ण गेलं." तोंड पडलेलं नव्हतं. बॅनरवरचे चेहरे चिकटवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी काम सुचल्याची खूण बघत होते.

इतक्यात सुपरवायझर जिना उतरून आला. "मॅडम, ये क्या चल रहा है?"

वॉचमननं शिट्टी उगाच सरळ केली. त्यांची नोकरी जाण्याआधी मी हातातला फॉर्म पुढं केला. "मूल्यमापन," मी म्हणाले. "प्रयोग आहे. हे बघा, चार रकाने, प्रत्येकापुढं पाच. म्हणजे वीस वेळा करून बघायचंय. आम्हाला अकराच्या आत संपवायचंय."

छापील कागदाला आपल्याकडं मान आहे. सुपरवायझरनं फॉर्म दोन्ही बाजूंनी बघितला, तारे मोजले, बरोबर वीस भरले. "बीस घागर?"

"पाणी परत कुठं न्यायचं हा प्रश्न तुमचा नाही. आमच्या शाळेत ड्रम आहे."

"बच्चोंका काम है," तो वॉचमनला म्हणाला, "होने दे," आणि मोबाइलवर बोलत वर गेला.

नंतरच्या प्रयोगात पळणं कुणीच घेतलं नाही. वॉचमनच्या मुलीनं घरातून आईची चुंबळ आणली. मुलं-मुली एकेक करून घागर डोक्यावर घ्यायची, भिंतीच्या दारातून शाळेत जायची, ड्रममध्ये ओतून यायची. मोठ्या मुली सरळ, मुलगे वाकडे. टांगेवाल्याच्या नातवानं आणखी तीन खेपा केल्या आणि शेवटच्या खेपेला एक हात क्षणभर कमरेवर ठेवून दाखवला. वॉचमन हौदाशी उभे राहून प्रत्येक घागरीला गंभीरपणे विचारायचे, "अभ्यास किती राहिलाय?" वीस झाल्यावर एका मुलीनं विचारलं की मॅडम, अर्धे हंडे पण दिलेत, त्यांचं काय. मी म्हणाले, हव्यास करू नये. त्या दिवशी खिचडीनंतर सगळ्यांनी हात धुतले. ताटंही विसळली गेली. मुख्याध्यापकांनी ड्रमात डोकावून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही विचारायचं नाही असं ठरवलं. फार समंजस गृहस्थ.

वर्गात परत आल्यावर वेगळीच पंचाईत उभी राहिली. पळता येत नाही हे ठरलं. मग गोष्टीचं काय? मिस्त्रीला निरोप तर द्यायचा आहे.

"घागर ओतून पळाली," एक जण म्हणाला.

बाकीच्या सत्तावीस मुलांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो आपणहून म्हणाला, "नाही. पाणी कोण ओतेल?"

"खाली ठिवून पळाली."

"आन् मेंढरं हायत की तिथं. पिऊन टाकतील."

"मग?"

वॉचमनची मुलगी म्हणाली, "चालत गेली. नहर खोदाया लई वर्सं लागली, असं पुस्तकातच लिवलंय. ती पाच मिनिटं उशिरा पोचली तर काय बिघडतंय?"

लेखकाला घाई होती, त्या मुलीला नव्हती. माझ्या विद्यार्थिनीनं लेखकाला तिथूनच फोन लावला. ते आधी म्हणाले, पळण्यात नाट्य आहे. ती म्हणाली, "सर, डोक्यावर घागर ठेवून चालण्यात पण आहे. मी आत्ताच चालले." मग ते म्हणाले की नमुना बघून सांगतो.

मुलांनी चित्रांना दीड हंडा दिला. एक घोड्याच्या शेपटीसाठी, ती चांगली होती, आणि अर्धा चित्रवाल्या ताईंनी खरं सांगितलं म्हणून. मी फॉर्मवर दीड तारा रंगवला. अर्धा तारा रंगवणं अवघड असतं, कडेनं शाई फुटते. मग मधल्या चौकटीवर खूण केली: दुरुस्तीसह स्वीकारावे. खूण करताना माझी विद्यार्थिनी शेजारी उभी होती.

"नमुना जोडायचाय," मी म्हणाले. "अकराच्या आत."

"रात्री काढेन. पण बघून काढायला कोण? आमच्या घरी सगळे नळवाले. नुसतं मनानं काढलं की परत कॅलेंडर."

वॉचमनच्या मुलीची आई सहाला कामावर जायची आणि कुणी आपल्याकडं टक लावून बघितलेलं तिला चालायचं नाही. मोठ्या मुली लाजल्या.

"उद्या पहाटे साडेपाचला माझ्या गल्लीत ये," मी म्हणाले. "टँकर येतो. कोणीतरी सापडेल."

कोणी सापडणार नाही हे मला माहीत होतं. टँकरच्या वेळेला कोणाला उभं राहायला सवड असते? आणि आजकाल शहरात डोक्यावर कोण घेतं? सगळ्यांच्या हातात बादल्या, नाहीतर कॅन.

बुधवारी पहाटे मी सव्वापाचला उठले. जुनी नऊवारी नव्हती, साधी गोल साडी होती, तिचाच पदर खोचला. माळ्यावरून आईची पितळी घागर काढली. ती तिथं तांदूळ ठेवायला होती. तांदूळ डब्यात ओतले. गल्लीत टँकर आला तेव्हा रांगेत नेहमीच्या बायका होत्या, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर माझी विद्यार्थिनी कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी वॉचमनची मुलगी, हातात आईची चुंबळ. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, काम नीट होतंय का बघायला आले.

घागर भरली. मी चुंबळ ठेवली, वाकले, आणि तीस वर्षांनी भरली घागर डोक्यावर घेतली.

"अगं बाई," शेजारीण म्हणाली. "मॅडमच्या घरची बादली फुटली का?"

"शाळेचं काम आहे," मी म्हणाले. मान हलवता येत नव्हती, त्यामुळं उत्तर विजेच्या खांबाला दिलं.

"शाळेचं काम असंल तर चित्रात सांडा. इथं थेंब सांडू नका."

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. वॉचमनची मुलगी पायरीवरून सूचना देत होती. "खांदा खाली, मॅडम. श्वास घ्या. पावलं बारकी." विद्यार्थिनी म्हणाली, "एकदा परत, मॅडम, दंड नीट दिसला नाही." मी परत गेले. तेच पाणी, तीच घागर, तीन खेपा. एक रिक्षावाला वळसा घालून पुढं जाऊन थांबला आणि बघत राहिला. तिसऱ्या खेपेला मानेत कळ आली. शेजारणी बादल्या भरायच्या सोडून मला चाल शिकवू लागल्या होत्या, आणि घड्याळात सहा वाजून गेले होते. मला अजून आंघोळ करायची होती, शाळेत हजेरी घ्यायची होती आणि स्टेशनच्या पलीकडं फॉर्म नेऊन द्यायचा होता. एक थेंब सांडला नाही.

अकराला दहा कमी असताना मी प्रकाशकाच्या कचेरीत फॉर्म ठेवला. सोबत अठ्ठावीस मुलांचा अभिप्राय, त्यांच्या अक्षरात, आणि पेन्सिलीचं चित्र: एक बारा वर्षांची मुलगी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, एक हात घागरीच्या काठाला, मागं काळी मेंढरं, आणि ती ठाम, बारक्या पावलांनी चालतेय. टेबलापलीकडच्या माणसानं चित्र बराच वेळ बघितलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण ही मुलगी इतकी रागात का आहे?"

"तिला अकराच्या आत पोचायचं होतं," मी म्हणाले, आणि फॉर्म मिळाल्याची पावती मागून घेतली.